आधी रक्त चढवलेल्या कुत्र्याला डीईए १ (कुत्र्यांतला मुख्य रक्तगट) जुळणं पुरेसं आहे का?

प्रश्न: २० किलोची कुत्री, पीसीव्ही (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण) १२ टक्के. तीन आठवड्यांपूर्वी एकदा रक्त चढवलंय. टायपिंग कार्डवर (रक्तगट तपासायच्या कार्डावर) डीईए १ निगेटिव्ह, दाताही निगेटिव्ह. लगेच सुरू करावं का? आणि किती द्यावं?

उत्तर १: क्रॉसमॅच (दात्याच्या पेशी रुग्णाच्या प्लाझ्मात मिसळून जुळतात का ते पाहणं) केल्याशिवाय पिशवी लावू नका. कुत्र्यांत डीईए १ विरुद्ध उपजत अँटीबॉडी नसतात, म्हणून पहिल्या वेळी न जुळणारं रक्तही बहुधा निभावतं. मात्र त्याच रक्तामुळे अँटीबॉडी बनायला लागतात. चार दिवस उलटले की पुढची प्रत्येक पिशवी धोक्याची. कार्ड फक्त डीईए १ दाखवतं. डीईए ४ किंवा डाल असा दुसरा रक्तगट जुळत नसेल तर त्याला पत्ताही लागत नाही.

दात्याच्या तांबड्या पेशी सलाईनने तीनदा धुवा, सलाईनमध्येच ३ ते ५ टक्के मिश्रण करा. त्याचा एक थेंब, रुग्णाच्या प्लाझ्माचे दोन, ३७ अंशांवर १५ मिनिटं, मग सेंट्रिफ्यूज. वरचा द्रव गुलाबी झाला तर पेशी फुटल्या. नळी हलकेच तिरकी करा: तळाशी बसलेल्या पेशींची गुंडी धुरासारखी विरली तर ठीक, खडे सुटले तर तो दाता बाद. रुग्णाच्याच पेशी नि प्लाझ्माची कंट्रोल नळी सोबत हवीच.

उत्तर २: पीसीव्ही १०च्या खाली गेला तर कार्डवर पेशी कमी पडून चुकीचं उत्तर येऊ शकतं. थोडा प्लाझ्मा काढून रक्त दाट करा, परत लावा.

प्रश्नकर्ता: कंट्रोलमध्येच गुठळ्या दिसल्या तर?

उत्तर १: मग क्रॉसमॅच वाचताच येत नाही. रुग्णाच्या पेशी पुन्हा धुऊन बघा. नाण्यांच्या चळतीसारख्या चिकटलेल्या पेशी सलाईनने सुटतात, खऱ्या गुठळ्या सुटत नाहीत. तशा राहिल्याच तर कार्डवरच्या पॉझिटिव्हवरही विसंबू नका, डीईए १ निगेटिव्ह रक्तच वापरा.

उत्तर ३: मात्रा (मिली): वजन (किलो) × ९० × (हवा असलेला पीसीव्ही − आताचा) ÷ दात्याचा पीसीव्ही. २२ पर्यंत न्यायचं आणि दात्याचा ४५ असेल तर ४०० मिली. फिल्टर असलेला ब्लड सेटच लावा. त्याच लाइनमधून रिंगर लॅक्टेट अजिबात नको, त्यातल्या कॅल्शियममुळे रक्त गोठतं. पहिला अर्धा तास अगदी सावकाश. ताप एक अंशाने चढला, उलटी झाली, तोंड सुजलं किंवा लघवी लाल आली की तत्काळ बंद. सगळं ठीक असेल तर वेग वाढवा, चार तासांत पिशवी संपवा.