फ्लॅशिंग ४० टक्क्यांवर अडकलं, आता इंजिन ईसीयू स्कॅनरला दिसत नाही

निळी_वायर
इंजिन ईसीयूला (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) अपडेट टाकायचं, म्हणजे त्यातला प्रोग्रॅम नव्याने लिहायचं (फ्लॅशिंग) काम. इंटरफेस जे२५३४ पासथ्रू (लॅपटॉप आणि गाडी जोडणारा), सॉफ्टवेअर कंपनीचंच, कॅन (मॉड्यूलना जोडणारी दोन तारांची बस) ५०० केबीपीएस. प्रोग्रॅमिंग सुरू होतं, ४० टक्क्यांच्या आसपास थांबतं आणि ‘मॉड्यूलशी संपर्क तुटला’ असा संदेश येतो. त्यानंतर स्कॅनरला एबीएस, एअरबॅग, क्लस्टर सगळे दिसतात, इंजिन ईसीयू मात्र गायब. इग्निशन ऑन केलं की रेडिएटरचा पंखा फुल स्पीडने फिरतो, स्टार्टर लागत नाही. बॅटरीला साधा चार्जर जोडला होता, मीटरवर १३.२ व्होल्ट दिसत होते. ओबीडी (स्कॅनर जोडायच्या) सॉकेटच्या ६ आणि १४ नंबर पिनमध्ये, म्हणजे कॅनच्या दोन तारांत, ६० ओहम येतात, म्हणजे वायरिंग ठीक धरलंय. ईसीयू गेला का? काढून बेंचवर घ्यावा की गाडीतच प्रयत्न करावा?

ओहमचा_नियम
इतक्यात बेंचवर नेऊ नका. फ्लॅशिंगमध्ये पुसला जातो तो मुख्य प्रोग्रॅम. बूटलोडर (नवा प्रोग्रॅम स्वीकारणारा छोटा प्रोग्रॅम) मेमरीच्या वेगळ्या भागात असतो आणि साध्या अपडेटमध्ये त्याला बहुधा हात लागत नाही. तुमचा ईसीयू बहुतेक त्या बूटलोडरमध्येच बसून आहे. स्कॅनर ७डीएफ या सामायिक पत्त्यावर ओबीडीची विचारणा टाकतो. तिला उत्तर देणारा प्रोग्रॅमच आता जागेवर नाही, म्हणून ईसीयू ‘गायब’ वाटतो. थेट त्याच्या पत्त्यावर विचारून बघा. पुष्कळ गाड्यांत विनंती ७ई० वर जाते आणि उत्तर ७ई८ वर येतं. १० ०२ (प्रोग्रॅमिंग सेशनची विनंती) पाठवल्यावर ५० ०२ ने सुरू होणारं उत्तर आलं, तर ईसीयू जिवंत आहे.

आता सप्लाय. तुमचे १३.२ व्होल्ट म्हणजे सरासरी. साध्या चार्जरचा रिपल (व्होल्टेजची वेगवान चढउतार) मीटरवर दिसत नाही, त्याला ऑसिलोस्कोप लागतो. शिवाय चार्जर मधेच मोड बदलतो. त्यात तो पंखा! ईसीयूचा आवाज बंद झाला की पुष्कळ गाड्यांत पंखा सुरक्षिततेसाठी फुल स्पीडला जातो आणि एकटाच तीस-चाळीस अँपिअर ओढतो. १० अँपिअरच्या चार्जरने तिथे काय होणार? फ्लॅशिंगला स्थिर १३.५ व्होल्ट देणारा, निदान ५०-६० अँपिअरचा पॉवर सप्लाय लावा. हेडलाइट, ब्लोअर, सीट हीटर बंद. दरवाजे उघडझाप करू नका, दर वेळी कुठलं ना कुठलं मॉड्यूल जागं होतं.

व्होल्टेज बॅटरीवर नाही, ईसीयूच्या प्लगवर मोजा, तेही लोड देऊन. प्लग काढा, सप्लायची पिन आणि ग्राउंड पिन यांच्यात २१ वॅटचा बल्ब जोडा. बल्ब पेटलेला असताना बॅटरीच्या ऋण टोकापासून ईसीयूच्या ग्राउंड पिनपर्यंतचा ड्रॉप ०.१ व्होल्टच्या आत हवा. लोड नसेल तर एका तारेवर लटकलेली वायरसुद्धा मीटरवर पूर्ण व्होल्टेज दाखवते.

टर्मिनेटर१२०
६० ओहमवर फार विसंबू नका. गाडीत गेटवे (बसचे वेगवेगळे तुकडे जोडणारं मॉड्यूल) असेल तर ६ आणि १४ नंबर पिनवर फक्त सॉकेट ते गेटवे एवढाच तुकडा मोजला जातो. पलीकडच्या इंजिन कॅनबद्दल तो आकडा काहीच सांगत नाही. बाकीची मॉड्यूल दिसतात म्हणून ही बसही चांगली, असंही नाही, ती दुसऱ्या तुकड्यावर असू शकतात.

बॅटरी सोडा आणि प्लग ईसीयूत असतानाच मागच्या बाजूने बारीक प्रोब घालून मोजा. पिनमध्ये जाड प्रोब खुपसला की टर्मिनल सैल होतं आणि नवीच कटकट सुरू होते. ६० आले तर उत्तम. १२० आले तर एक टर्मिनेशन (बसच्या टोकाचा १२० ओहमचा रेझिस्टर) कुठेतरी तुटलंय. ४० म्हणजे तिसरा रेझिस्टर आलाय, बऱ्याचदा बाहेरून लावलेल्या एखाद्या ॲडाप्टरमधला. पुष्कळ गाड्यांत १२० चा एक रेझिस्टर ईसीयूच्याच पोटात असतो, त्यामुळे प्लग काढून मोजलंत तर १२० दिसणं साहजिक आहे.

मग बॅटरी जोडून, इग्निशन ऑन करून ग्राउंडच्या सापेक्ष बघा: कॅन-हाय साधारण २.६ ते २.७, कॅन-लो २.३ ते २.४ व्होल्ट. मापासाठी बॅटरी सोडताना आधी इग्निशन बंद करून गाडी झोपू द्या. ‘बॅटरी काढून रीसेट’ हा मात्र उपाय नव्हे, त्याने पुसलेला प्रोग्रॅम परत येत नाही.

ओबीडी स्प्लिटर, ट्रॅकर, नंतर बसवलेला अलार्म काहीही असलं तरी आधी काढा. फ्लॅशिंग चालू असताना असला ट्रॅकर स्वतःच्या विनंत्या घुसवतो.

लॉग_वाचा
पासथ्रूचा लॉग चालू करा आणि शेवटच्या दहा ओळी इथे टाका. त्याशिवाय सगळा अंदाजच. शेवटी ३६ ची (डेटाचा ब्लॉक पाठवण्याची) विनंती आहे आणि पुढे काहीच नाही, तर सप्लाय, बस किंवा इंटरफेस. ७एफ (नकार) ने सुरू होणारं उत्तर असेल तर ईसीयू शुद्धीवर आहे आणि शेवटच्या आकड्यात कारण सांगतोय:

७८ – थांबा, काम चालू आहे. हा दोष नाही. मेमरी पुसताना हा पुन्हा पुन्हा येतो, सॉफ्टवेअरने वाट बघायची असते.
७३ – ब्लॉकचा क्रम चुकला. लॅपटॉप आणि इंटरफेसमध्ये संदेश हरवतोय.
७२ – मेमरीत लिहिणं फसलं.
९३ – व्होल्टेज कमी, ९२ – जास्त.
३६ किंवा ३७ – सिक्युरिटी ॲक्सेसचे (ईसीयूचं कुलूप उघडण्याचे) प्रयत्न संपले, किंवा अजून वेळ भरायची आहे. इथे सारखं ‘पुन्हा प्रयत्न’ दाबू नका. बऱ्याच ईसीयूंमध्ये इग्निशन बंद-चालू केलं की घड्याळ पुन्हा शून्यावर जातं. दहा-पंधरा मिनिटं ऑन ठेवून थांबा.

सुरुवात छान आणि मध्येच तुटणं यात इंटरफेसवरही संशय घ्या. ओळख विचारायची तर पाच-दहा बाइटचं काम. फ्लॅशिंगमध्ये एका संदेशात ४०९५ बाइटपर्यंत जातात आणि ईसीयूच्या फ्लो कंट्रोलप्रमाणे वेग सांभाळावा लागतो. नकली इंटरफेस नेमके तिथे दम टाकतात. ब्लूटूथ आणि वाय-फाय नको, यूएसबी केबल थेट लॅपटॉपला, मध्ये हब नको. विंडोजमध्ये स्लीप आणि यूएसबीचं पॉवर सेव्हिंग बंद. सेशन जिवंत ठेवायला ३ई ८० (‘अजून जोडलेलो आहे’ असा संदेश) साधारण दर दोन सेकंदांनी जावं लागतं, कारण ५ सेकंद शांतता झाली की ईसीयू सेशन सोडून देतो.

निळी_वायर
७ई० वर ५० ०२ आलं! लॉगमध्ये शेवटी ७एफ ३६ ९३ आहे. बल्ब जोडून ग्राउंडचा ड्रॉप ०.४ व्होल्ट. मागून मोजलेले ओहम ६०.

ओहमचा_नियम
मग दोन कारणं हातात हात घालून आहेत: ग्राउंड आणि चार्जर. इंजिन ते बॉडी स्ट्रॅप आणि ईसीयूचा ग्राउंड पॉइंट खोला, रंग-गंज खरवडून घट्ट करा, ड्रॉप पुन्हा मोजा. ०.१ च्या आत आल्याशिवाय फ्लॅशिंग सुरू करू नका. मेन रिलेच्या आउटपुटवरही तीच बल्बची चाचणी घ्या, करपलेले कॉन्टॅक्ट असाच त्रास देतात. नंतर सॉफ्टवेअरमध्ये रिकव्हरी किंवा अपूर्ण प्रोग्रॅमिंग पुढे नेण्याचा पर्याय निवडा. ईसीयू आता स्वतःचा सॉफ्टवेअर नंबर कदाचित सांगणार नाही, तेव्हा चासी नंबर हाताने टाकून आधी वाचलेल्या जुन्या नंबरशी फाइल ताडून बघा. चुकीचं कॅलिब्रेशन बसलं तर पुढची डोकेदुखी वेगळीच.

टर्मिनेटर१२०
पूर्ण झाल्यावर इग्निशन बंद, सॉफ्टवेअर सांगेल तितका वेळ थांबा, मग ऑन. जवळपास सगळ्या मॉड्यूलमध्ये यू०१०० (इंजिन ईसीयूशी संपर्क तुटल्याचा कोड) पडलेला असेल, ईसीयू बराच वेळ गप्प होता म्हणून. सगळीकडचे कोड पुसा. तरी पुन्हा आला तरच बसकडे वळा. स्टार्टर अजूनही लागला नाही तर इमोबिलायझरची (चोरीविरोधी यंत्रणेची) जुळणी बघा, थ्रॉटलचं लर्निंग त्यानंतर.