माझ्या नावाने लोकांना व्हायरसवाले मेल जातायत, अकाउंट बंद करू का?

सायली_व:
परवापासून ओळखीच्यांचे फोन येतायत की तुझ्याकडून बिलाची झिप फाइल आली. मी काहीच पाठवलेलं नाही, सेंटमध्येही काही नाही, आणि वर इनबॉक्समध्ये "मेल पोचला नाही" असे परत आलेले मेल पडतायत, तेही कधी न बघितलेल्या पत्त्यांवरून. स्कॅन केलं, पासवर्ड बदलला, तरी थांबेना. एका काकांनी ती फाइल उघडली पण आहे, मला त्यांचीच जास्त काळजी वाटतेय.

निळा_पतंग:
बंद नका करू, त्याने काही थांबणार नाही. पाकिटावर मागे कुणाचंही नाव लिहून टाकता येतं तसंच मेलच्या फ्रॉममध्ये कुणाचाही पत्ता घालता येतो. जानेवारी २००४ मधला मायडूम व्हायरस हेच करायचा, लागण झालेल्या कॉम्प्युटरमधले पत्ते गोळा करायचे आणि खोट्याच नावाने पुढे पाठवायचं. म्हणजे लागण तुम्हाला नसून, ज्याच्याकडे तुमचे सगळ्यांचे पत्ते आहेत अशा तिसऱ्याच कुणाला झालेली असू शकते. ज्यांना मेल आलाय त्यांना जीमेलमध्ये "शो ओरिजिनल" उघडून एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (मेल खरंच त्या पत्त्याच्या सर्व्हरवरून आलाय का याच्या तपासण्या) यांच्यापुढे पास आहे का फेल ते बघायला सांगा, फेल असेल तर तुमचा पत्ता बहुतेक खोटाच घातलेला. साधा फॉरवर्ड मागवू नका, त्यात मूळ हेडर (मेल कुठून कसा आला त्याची नोंद) गळून जातात.

तेजस०९:
वरचं बरोबर आहे पण सेंट रिकामं आहे यावर अजिबात विसंबू नका, आत शिरलेला माणूस पाठवून झालं की डिलीट करतो आणि उत्तरं तुम्हाला दिसू नयेत म्हणून फिल्टर लावून ठेवतो. सेटिंगमध्ये फिल्टर आणि फॉरवर्डिंग बघा, सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट करा, कुठल्या ॲपला परवानगी दिलीय ते तपासा, टू-स्टेप (पासवर्डशिवाय आणखी एक खात्री, उदा. फोनवरचा कोड) चालू करा.

मीनाक्षी_क:
आधी काकांचं नेट बंद करा, बाकी सगळं नंतर! नुसती झिप उघडली असेल तर बहुतेक काही झालं नसेल, आतल्या फाइलवर डबल क्लिक केलं का ते विचारा. विंडोज एक्स्टेन्शन (फाइलचा प्रकार सांगणारा नावातला शेवटचा भाग) लपवतं त्यामुळे "बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई" हा खरा प्रोग्रॅम असूनही नुसती पीडीएफ वाटते, २००० साली आयलव्हयू व्हायरस याच युक्तीने पसरला, साध्या मजकुराच्या टीएक्सटीच्या मागे व्हीबीएस, म्हणजे चालणारी स्क्रिप्ट, लपलेली होती. झिपला पासवर्ड असेल आणि तो मेलमध्येच दिला असेल तर हमखास गडबड समजा, कारण पासवर्ड असला की स्कॅनरला आतलं दिसत नाही. डबल क्लिक झालं असेल तर डिफेंडरचं (विंडोजमधला अँटिव्हायरस) ऑफलाइन स्कॅन चालवा, आणि बँकेचे, मेलचे पासवर्ड दुसऱ्या मशिनवरून बदला, त्याच लॅपटॉपवरून नको.

सायली_व:
सगळ्यांचे आभार. फिल्टर वगैरे काही नाही. मैत्रिणीने ओरिजिनल बघितलं, पत्ता माझाच पण एसपीएफ आणि डीमार्क दोन्ही फेल. आणि ज्या ओळखीच्यांना मेल गेले ते सगळे एका जुन्या मेलमध्ये सोबत होते, तेव्हा सगळ्यांचे पत्ते टू मध्येच टाकले होते. काकांनी डबल क्लिक केलंय, नेट काढून ठेवलंय, स्कॅन चालू आहे.

निळा_पतंग:
मग त्या जुन्या मेलमधल्या प्रत्येकाला फोन करून मशीन तपासायला सांगा. मेल नको, तुमच्या नावाचा मेल आता कुणी उघडणार नाही. यापुढे पत्ते बीसीसीमध्ये टाका, म्हणजे एकमेकांचे पत्ते कुणाला दिसत नाहीत. परत येणारे मेल हळूहळू कमी होतील, त्यांच्यातल्या अटॅचमेंटला मात्र हात लावू नका.