नैसर्गिक संख्या गृहीतकांपासून शिकवताना सुरुवात कुठून करावी?

पाटीपेन्सिल
पदवीच्या पहिल्या वर्षाला गणितज्ञ पेआनोंची गृहीतकं, म्हणजे नैसर्गिक संख्यांचे पाच मूळ नियम, शिकवायची आहेत, हाताशी दोन तासिका. पाचही फळ्यावर लिहिली की मुलं म्हणतात, "हे तर माहीतच आहे, यात सिद्ध काय करायचं?" शिवाय शून्य धरायचं की नाही?

त्रिज्या
गृहीतकं आधी देऊच नका, बिघडलेली चित्रं द्या. ठिपके आणि बाण. प्रत्येक ठिपक्यातून नेमका एक बाण निघतो, तो पुढची संख्या दाखवतो. एवढ्याच अटीत ०→१→२→० हे वर्तुळही बसतं. ते नको, तर शून्याकडे बाण येता कामा नये. मग ०→१→२→१ काढा: शून्याकडे बाण नाही, तरी फिरून १ वरच. म्हणजे एका ठिपक्यावर दोन बाण नकोत. या अटी मुलंच सुचवतात.

आता ०→१→२→३… ही न संपणारी रांग, आणि बाजूला सुटे दोन ठिपके, क→ख→क. सगळ्या अटी पाळल्या, तरी क आणि ख उपरेच. त्यांना हाकलायचं काम विगमनाचं: ज्या संचात ० आहे आणि प्रत्येक घटकाबरोबर त्याचा पुढचाही आहे, त्यात सगळे ठिपके आलेच पाहिजेत. इथे घाई नको. विगमन म्हणजे सूत्रं सिद्ध करायची युक्ती, एवढंच मुलांच्या डोक्यात असतं.

शून्याचं म्हणाल तर १८८९ मध्ये खुद्द पेआनोंनी १ पासून सुरुवात केली, नंतर ० पासून. काहीही धरा, पण पहिल्याच मिनिटाला सांगा.

कंसातला
० धरा, बेरीज सुटसुटीत होते. पु(अ) म्हणजे अ च्या पुढची संख्या:
अ+० = अ
अ+पु(ब) = पु(अ+ब)
२+२ = पु(२+१) = पु(पु(२+०)) = पु(पु(२)) = पु(३) = ४.

मग अ+ब = ब+अ. मुलं हमखास अडतात ती इथे. ०+अ = अ हे "उघडच आहे" म्हणून सोडून देतात, पण व्याख्येत शून्य उजवीकडे आहे, डावीकडे नाही! आधी ०+अ = अ, मग पु(अ)+ब = पु(अ+ब), दोन्ही विगमनाने; त्यानंतर मूळ विधान दोन ओळींत सुटतं. विगमन कोणत्या अक्षरावर चाललंय, ते दर वेळी लिहायला लावा. निम्मा गोंधळ त्यातच असतो.

पाटीपेन्सिल
बेरजेची ही व्याख्याही विगमनानेच झाली ना?

त्रिज्या
नाही. विगमनाने विधान सिद्ध होतं. अशी पायरी-पायरीची व्याख्या वैध ठरवायला आवर्तनाचं प्रमेय लागतं. ते गणितज्ञ डेडेकिंट यांच्या १८८८ च्या पुस्तिकेत आहे. फरक दाखवायला ०→१→२→० पुन्हा काढा. तिथे विगमन व्यवस्थित चालतं. आता व्याख्या करा: ० सम, आणि पुढची संख्या दर वेळी उलट. १ विषम, २ सम, म्हणून ० विषम. व्याख्याच कोसळली. बेरीज मात्र याच वर्तुळातही निभावून जाते, त्यामुळे बेरजेचं उदाहरण घेऊन हा फरक कधीच दिसत नाही. पहिल्या वर्षाला प्रमेयाचं फक्त विधान द्या, सिद्धता पुढे.