हायकोर्ट कोल्हापुरात आलं, सोलापूरकरांना काय मिळालं? आपापले अनुभव सांगा

18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच, म्हणजे हायकोर्टाच्या न्यायाधीशांनी तिथं बसून केसेस ऐकायची सोय, कोल्हापुरात सुरू झालं. आदल्या दिवशी सरन्यायाधीश गवईंच्या हस्ते उद्घाटन झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि सोलापूर असे सहा जिल्हे त्याला जोडलेत. चाळीस वर्षांची मागणी होती, त्यामुळे श्रेय घ्यायला सगळे पक्ष पुढे आले. ते चालायचंच.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे कोणाला शोधत बसायला नको. बेंच हवंच होतं. औरंगाबादला 1981 मध्ये असंच बेंच आलं, ते आपल्याकडे व्हायला इतका काळ लागला, हीच खरी बातमी. पण सोलापूरचं गणित बाकी पाच जिल्ह्यांसारखं नाही. आपल्याला मुंबई नकाशावर लांब असली तरी गाडीने जवळ होती. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये चढायचं, सकाळी सीएसएमटीला तोंड धुवायचं आणि चालत हायकोर्ट गाठायचं. वंदे भारतही 10 फेब्रुवारी 2023 पासून आहे. कोल्हापूरला अशी रात्रभर झोपून जायची सोय कुठाय? मंगळवेढा, सांगोला, मिरज करत रस्त्याने जायचं. अंतर निम्म्यावर आलं, हाल निम्म्यावर आले का, ते ज्यांनी पाय झिजवलेत त्यांनी सांगावं.

फक्त हायकोर्टाचंच लिहा असं नाही. तालुक्याचं कोर्ट, कलेक्टर कचेरी, दाखल्यांच्या खिडक्या, सगळं चालेल. न्यायाधीश, वकील आणि समोरच्या पार्टीची नावं मात्र नकोत. चालू मॅटरचं तपशीलवार लिहू नका, उद्या तुमच्याच अंगाशी येईल.

मंद्रूपकर

सुरुवात मी करतो. आमचा वहिवाटीच्या रस्त्याचा दावा. वडिलांनी घातलेला, खाली आम्ही जिंकलो, जिल्हा कोर्टात जिंकलो, समोरचे सेकंड अपिलात हायकोर्टात गेले. सेकंड अपिलात सगळं प्रकरण परत उघडत नाहीत, कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असला तरच ऐकतात, असं आमच्या वकिलांनी समजावलं होतं. ते ऐकायचं की नाही हे ठरायलाच वर्षं गेली. मुंबईत मी नुसता मागच्या बाकावर बसून यायचो.

आता फाइल कोल्हापूरला गेली. मुंबईचे वकीलसाहेब कोल्हापूरला यायला तयार नाहीत. त्यांची ना-हरकत घ्या, कोल्हापुरात नवीन वकील बघा, त्यांना सगळी कागदं पहिल्यापासून वाचायला द्या. फी दुसऱ्यांदा. याचा हिशोब कोणी कुठल्या भाषणात मांडलेला मला दिसला नाही.

पण खरं सांगू? मला कोल्हापूर बरं वाटलं. सीपीआर दवाखान्यासमोरची जुनी कोर्टाची इमारत आहे, तिथं बेंच बसतं. आवारात धोतर-टोपीवाली माणसं दिसतात, कोणीतरी सांगलीचा, कोणी कणकवलीचा. मुंबईत मला जिना कुठला चढायचा हे विचारायचीसुद्धा भीती वाटायची. इथं पोलिसाला विचारलं तर तो म्हणाला, "मामा, पाटी वाचा, नंबर लागला की आत जावा." आमचा नंबर बोर्डावर खाली होता. दुपारची सुट्टी झाली, परत कोर्ट बसलं, मी पाटीवरचा आकडा सरकायची वाट बघत उभा. साडेचारला कळलं, आज होत नाही, पुढची तारीख. वकील म्हणाले, "तुम्ही येऊ नका हो, तुमचं इथं काही काम नसतं." त्यांना काय माहीत. वडील गेले तेव्हापासून मॅटर बोर्डावर आलं की मी जातो. आपलं माणूस तिथं उभं पाहिजे.

परतीची एसटी धरली, सांगोल्यात चहा घेतला, मध्यरात्र उलटून घरी. मुंबईपेक्षा खर्च कमी, अंगदुखी जास्त.

जेऊर स्टेशन

करमाळा तालुक्याचं कोणी विचारलंय का? आम्ही जिल्ह्याच्या पार वरच्या टोकाला. जेऊरला गाडीत बसलं की थेट मुंबई. कोल्हापूरला जायचं तर आधी कुर्डुवाडी, मग पंढरपूर, मग मिरज. अंतरातही फार काही वाचत नाही. आम्हाला बेंच पुण्यात सोयीचं पडलं असतं. "पश्चिम महाराष्ट्राला न्याय" म्हणताना जिल्हा एक गठ्ठा धरला, एवढंच म्हणतो. बाकी बेंचला विरोध नाही.

काळा कोट, पांढरे केस नाहीत अजून

मी सोलापुरात प्रॅक्टिस करते. पक्षकारांना त्रास झाला हे मान्य, पण दुसरी बाजूही ऐका.

आत्तापर्यंत आमच्यासारख्या तरुण वकिलांचं काम काय? खालच्या कोर्टात केस लढायची, साक्षीदार उलटतपासायचे, आणि हायकोर्टाची वेळ आली की गठ्ठा बांधून मुंबईच्या कुणा मोठ्या वकिलाकडे पाठवायचा. त्यांचा ज्युनिअर आम्हालाच फोन करून विचारणार, "मॅडम, हा फेरफार नेमका कशाचा?" युक्तिवाद त्यांचा. मुंबईत चेंबर घ्यायची ऐपत आमच्यात किती जणांची? कोल्हापुरात महिन्यातून काही दिवस राहणं जमण्यासारखं आहे. मी स्वतः उभी राहून माझं मॅटर चालवलं. छोटंच होतं, जामिनाचं. पण हुकमावर माझं नाव आलं, ते आईला दाखवलं.

आता राजकारणाचं. सगळे "खंडपीठ झालं, खंडपीठ झालं" म्हणतात. झालेलं नाही. राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम 51(3) खाली मुख्य न्यायमूर्तींनी राज्यपालांच्या मान्यतेने न्यायाधीशांना तिथं बसायला सांगितलंय. कायम खंडपीठ हवं तर 51(2) खाली राष्ट्रपतींचा आदेश लागतो. औरंगाबादही आधी असंच सुरू झालं आणि पुढे कायम झालं, म्हणून आशा आहे. पण कोल्हापुरात शेंडा पार्कला कायम खंडपीठासाठी दाखवलेल्या जागेचे फोटो टाकणाऱ्या पुढाऱ्यांना आपल्या खासदार-आमदारांनी हे विचारायला हवं. आणि सोबत सोलापूर–कोल्हापूर रात्रीची गाडीही मागावी. सोलापूरहून गोव्याला विमान सुरू झालं जून 2025 मध्ये, मुंबईला ऑक्टोबरमध्ये. कोर्टाला जाणारा पक्षकार विमानवाला नसतो हो.

टॉवेलवाला, अक्कलकोट रोड

माझा मुद्दा वेगळा हाय. हायकोर्ट कुठं बसतं याच्यापेक्षा दिल्लीत एक ओळ बदलली की आमचं काय होतं, ते बघा.

आमचा कारखाना छोटा. माल बाहेरच्या राज्यांत जातो, पैसे उधारीवर. पार्टीचा चेक परतला की कलम 138 ची (चेक न वटल्याची) फौजदारी केस, हे आमच्या धंद्यात सणवारासारखं नेमाने येतं. बँकेचा मेमो आल्यापासून 30 दिवसांत नोटीस, ती मिळाल्यापासून 15 दिवस वाट, नाही दिले तर महिन्याच्या आत फिर्याद. हे पाठ झालेलं.

माझी फिर्याद सोलापुरात दाखल होती. 1 ऑगस्ट 2014 ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला: चेक देणाऱ्याची बँक जिथं, तिथंच केस चालणार. झालं! ज्यांच्या केसमध्ये पुरावा सुरू झाला होता त्यांच्या राहिल्या, माझी फिर्याद हातात परत. पार्टीची बँक दिल्लीत, म्हणे तिकडे दाखल करा. पैसे बुडवणारा घरी बसणार आणि ज्याचे बुडाले तो रेल्वेचं रिझर्व्हेशन काढणार. आमच्या पट्ट्यातल्या किती जणांनी तिथंच हात जोडले आणि रक्कम बुडीत खाती टाकली.

2015 ला सरकारने कायदा दुरुस्त केला, चेक भरणाऱ्याचं, म्हणजे आपलं खातं ज्या शाखेत तिथं केस चालेल असं केलं, तेव्हा जीवात जीव आला. पुढे 2018 ला अजून एक झालं, केस चालू असताना रकमेच्या 20 टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई कोर्ट देऊ शकतं. चांगलंय. फक्त ते त्यानंतरच्या गुन्ह्यांना लागू, माझ्या जुन्या चेकला नाही. वकील हसून म्हणाले, "शेठ, तुम्ही दोन्हीकडून हुकलात."

म्हणून मी पेपरात आधी निकालाच्या बातम्या वाचतो, मग सुताचा भाव.

विडी घरकुल

मला कोल्हापूर का काशी, काही फरक नाही. मी पोटगीसाठी लढले. आई विड्या वळते, वकिलाची फी कुठून आणणार? एका ताईंनी सांगितलं की बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. मला खोटं वाटलं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात गेले, अर्ज भरला, खरंच मिळाला. 1987 च्या कायद्यात कलम 12 मध्येच ते लिहिलंय. आमच्या भागात हे अजून कितीतरी जणींना माहीत नाही, म्हणून मुद्दाम लिहितेय.

पोटगीचा हुकूम झाला. पैसे आपोआप येत नाहीत. दर खेपेला वसुलीचा अर्ज, मग वॉरंट. थकलेली रक्कम एक वर्षाच्या आत मागावी लागते, नाहीतर वॉरंट निघत नाही, हे लक्षात ठेवा गं बायांनो. "देईल नंतर" म्हणत थांबू नका. पूर्वी हे कलम 125 होतं, 1 जुलै 2024 पासून नवीन संहितेत 144 झालंय. नंबर बदलला, नवरा तोच.

व्हॅलिडिटीग्रस्त

थोडक्यात. माझ्या भावाची इंजिनिअरिंगची सीट व्हॅलिडिटीवर, म्हणजे जात पडताळणीच्या दाखल्यावर अडकली. वडिलांची व्हॅलिडिटी असताना पोराला परत पणजोबांचा दाखला शोधायला लावला. मुदत संपता संपता कागद हातात पडला, घरात कोणी जेवलं नव्हतं.

आणि आपल्याच सोलापूरच्या राखीव जागेवर 2019 ला निवडून आलेल्या खासदारांचा जातीचा दाखला फेब्रुवारी 2020 मध्ये पडताळणी समितीने अवैध ठरवला. प्रकरण कोर्टात गेलं आणि पाच वर्षांची मुदत पूर्ण झाली. कोण खरं कोण खोटं याच्यात मला पडायचं नाही. पण अठरा वर्षांच्या पोराला एक दिवस सवलत नाही आणि तिकडे अख्खी लोकसभा निघून जाते, हे बघून काय म्हणायचं बे?

सभासद नं. सांगत नाही

वर सगळे कोर्टात जिंकायचं बोलताय. मी जिंकलोय. पुढचं ऐका.

वाटपाचा दावा, तीन भाऊ. हुकूमनामा झाला, पेढे वाटले. मग समजलं की शेतजमिनीचं वाटप कोर्ट स्वतः करून देत नाही. दिवाणी संहितेच्या कलम 54 खाली कागद कलेक्टरकडे जातात, तिथून तहसीलला, तिथून मोजणीला भूमी अभिलेखकडे. प्रत्येक टेबलावर नव्याने ओळख करून द्यायची. एका ठिकाणी तर हुकूमनाम्याची नक्कल गहाळ झाली म्हणून परत काढायला लावली. स्टे नाही, अपील नाही, कोणी अडवलेलंही नाही. नुसतं पडून.

मोजणीला भूकरमापक आले तर धाकट्याने बांधावर आडवं पडून शिव्या घातल्या. बंदोबस्त मागितला तर पैसे भरा, मनुष्यबळ नाही, सण झाल्यावर बघू. मी सिद्धेश्वर कारखान्याचा ऊस उत्पादक. 15 जून 2023 ला विमानतळाला अडथळा म्हणून कारखान्याची चिमणी पाडली तेव्हा केवढे पोलीस होते ते साऱ्या सोलापूरने बघितलंय. चिमणी पाडायला हवी होती की नव्हती, यावर आमच्या घरात आजही भांडणं होतात, तो विषय वेगळा. पण सरकारला हुकूम बजावायचा असला की बळ कुठून तरी येतं. माझ्या हातातही कोर्टाचाच हुकूम आहे, त्याला एक हवालदार मिळेना.

दुसऱ्यांदा मोजणीवाले आले तेव्हा धाकटा गप्प होता, तर शेतात ऊस उभा. मोजणीची साखळी जात नाही म्हणाले, ऊस तुटल्यावर अर्ज करा. आता तोडीसाठी कारखान्याच्या चिटबॉयच्या (ऊसतोडीची चिठ्ठी देणाऱ्याच्या) मागे लागलोय. धाकटाही लागलाय, त्याचाही ऊस त्याच गटात आहे.