सीडीआर, पीएसडी, एआय: एकदा काढलेलं तोरण सगळीकडे चालेल असं सॉफ्टवेअर कोणतं घेऊ?

रंगरेषा_चोपडा
नमस्कार मंडळी. मी चोपड्यात घरूनच डिझाइनची कामं घेते. लग्नपत्रिका, केळीच्या खोक्यांची लेबलं, आखाजी आणि कानबाई या सणांचे फ्लेक्स. बजेट वर्षाला ६,००० रुपये, त्यावर एक रुपयाही नाही. लॅपटॉप ८ जीबी रॅमचा.

अडचणी दोन. फ्लेक्सवाले सीडीआर (कोरलड्रॉची फाइल) मागतात, तीही कोरलच्या एक्स७ या जुन्या आवृत्तीत सेव्ह केलेली. आणि बाहेरून येणारी लेबलं पीएसडीत (फोटोशॉपची फाइल) असतात, माझ्याकडे उघडली की स्मार्ट ऑब्जेक्ट, म्हणजे आत मूळ चित्र जपून ठेवणारे लेयर, सपाट चित्र होऊन येतात.

शिवाय मी हाताने काढलेली साठेक तोरणं, किनारी, केळीचे घड साठवून ठेवलेत. एका पॅकहाऊसची १४ लेबलं माझ्याकडे आहेत. मागच्या महिन्यात त्यांनी लोगोतलं पान बदललं. रात्री दोनपर्यंत मी एकेक फाइल उघडून पान बदलत होते. तरी १३ किलोच्या खोक्याची एक फाइल राहिली आणि नेमकी तीच छापायला गेली. एका जागी बदललं की चौदाही ठिकाणी बदलावं, एवढंच हवंय. काय घेऊ?

फ्लेक्सवाला_धुळे
ताई, डोळे झाकून कोरल घ्या. बठ्ठं धुये कोरलवरच चालस. मी एक्स३ पासून बसलोय, आज माझ्याकडे दोन मशीन आणि चार पोरं आहेत. बजेटचं मनावर घेऊ नका, एका लग्नसराईत पैसे निघतात. वरची आवृत्ती घेतली तरी सेव्ह करताना खाली आवृत्तीचा रकाना असतो, तिथे एक्स७ निवडायचं.

जुनी_पेटी_अमळनेर
वरच्या भाऊंनी सांगितलं ते बरोबर, पण अर्धंच. खालच्या आवृत्तीत सेव्ह करताना जो इफेक्ट तिथे नाही तो चित्र होऊन बसतो. माझ्या भाचीच्या लग्नाचा १० बाय २० फुटांचा फ्लेक्स होता. नावामागची सावली चित्र झाली आणि नावाभोवती पांढरा चौकोन आला. मांडवाच्या दारात तो चौकोन दोन दिवस सगळ्या पाहुण्यांनी पाहिला. तेव्हापासून सेव्ह केलेली फाइल बंद करून, पुन्हा उघडून, कडेकडेने मोठी करून पाहिल्याशिवाय मी पाठवत नाही.

पोऱ्या_शिरपूर
कोरल, फोटोशॉप सगळं जुनं झालं. अ‍ॅफिनिटी घ्या. २०२४ मध्ये कॅनव्हाने ती कंपनी घेतली आणि २०२५ च्या ऑक्टोबरपासून ती फुकट आहे, फक्त कॅनव्हाचं खातं लागतं. सिम्बॉल आहेत (एक बदललं की त्याच्या सगळ्या प्रती बदलतात), पीएसडी उघडते, एआय म्हणजे इलस्ट्रेटरची फाइलसुद्धा उघडते.

तापीकाठ
शिरपूरच्या भाऊ, तुम्ही अ‍ॅफिनिटीत मराठी टाइप केलंय का? दुसऱ्या आवृत्तीपर्यंत तिला देवनागरीची जोडाक्षरं जमतच नव्हती. 'श्री' फुटायचं, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसायची. ताईंनी नवीन आवृत्तीत आधी 'श्रीक्षेत्र', 'स्त्रिया', 'कर्त्यांनी' हे तीन शब्द टाइप करून बघावेत. आणि सीडीआर ती उघडत नाही, म्हणजे फ्लेक्सवाल्याचा प्रश्न तसाच.

एआयचंही समजून घ्या. एआय दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडते ती आत पीडीएफची प्रत असते म्हणून. पाठवणाऱ्याने सेव्ह करताना पीडीएफची खूण काढली असेल तर तुम्हाला इंग्रजी सूचनेचं एक पान दिसेल, डिझाइन नाही.

फ्लेक्सवाला_धुळे
म्हणूनच सांगतो, श्रीलिपीचे जुने फॉन्ट वापरा. कुठलीच वेलांटी पळत नाही.

तापीकाठ
पळत नाही, कारण त्या फॉन्टसाठी ती इंग्रजी अक्षरंच असतात, वरून फक्त मराठी आकार चढवलेला. समोरच्याकडे फॉन्ट नसला की 'शुभविवाह'च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी. कोरलमध्ये एक्स६ पासून, म्हणजे २०१२ पासून, युनिकोड (सगळीकडे सारखी वाचली जाणारी) मराठी नीट चालते. अजून किती वर्षं जुने फॉन्ट धरून बसायचं?

जुनी_पेटी_अमळनेर
फॉन्टचा वाद पुढे कधीतरी. पाठवायच्या प्रतीत अक्षरं कर्व्ह करा, म्हणजे ती नुसते आकार होतात आणि फॉन्ट लागत नाही, कोरलात कंट्रोल-क्यू. पण आधी मूळ फाइलची वेगळी प्रत ठेवा. मी एकदा मूळ फाइलच कर्व्ह करून सेव्ह केली. नंतर यजमानांनी मुहूर्त १२.१० चा १२.३५ केला आणि सगळी पत्रिका पुन्हा टाइप करावी लागली.

लेयर_भुसावळ
ताईंचा मूळ प्रश्न पुन्हा वापरायच्या लेयरचा आहे, त्याला कोणी हात लावला नाही. मी सहा वर्षं पॅकिंगची कामं करतो.

फोटोशॉपमध्ये स्मार्ट ऑब्जेक्टची कंट्रोल-जे ने प्रत काढली की दोन्ही प्रती एकाच मुळाशी बांधलेल्या राहतात, एक बदलली की दुसरीही बदलते. 'न्यू स्मार्ट ऑब्जेक्ट व्हाया कॉपी' वापरलं तर नातं तुटतं. बरेच जण इथेच चुकतात. वेगवेगळ्या १४ फायलींसाठी लिंक केलेला स्मार्ट ऑब्जेक्ट लागतो, लोगोची एक फाइल बाहेर आणि चौदाही तिच्याकडे बघतात. मात्र पाठवताना तीही सोबत द्यावी लागते, नाहीतर समोर फाइल सापडत नसल्याची सूचना येते आणि लोगो बदलता येत नाही.

कोरलात यासाठी सिम्बॉल मॅनेजर आहे, कंट्रोल-एफ३. सिम्बॉलची लायब्ररी सीएसएल फाइल म्हणून बाहेर काढता येते. मास्टर लेयर वेगळा, तो एकाच फाइलीच्या सगळ्या पानांवर दिसतो, कॅलेंडरला छान. सिम्बॉल आणि मास्टर लेयर यांची गल्लत करू नका.

आता फ्लेक्सचं. फ्लेक्सच्या मशीनला सीडीआर लागतच नाही. ऑपरेटर शेवटी टिफ किंवा जेपीजी, म्हणजे नुसतं चित्रच काढतो. सीडीआर तो मागतो ते ऐन वेळी फोन आला तर नाव किंवा नंबर बदलता यावा म्हणून. हे बदल तुम्ही स्वतः करून देणार असाल तर टिफ द्या. ७२ डीपीआयला (इंचाला ७२ ठिपके) २० फूट म्हणजे १७,२८० पिक्सेल, आरामात बसतं. ४० फुटांचा केला तर ३४,५६० होतात आणि पीएसडीची मर्यादा ३०,००० ची आहे, तिथे पीएसबी, फोटोशॉपचीच मोठ्या चित्रांची फाइल, लागते.

केळीबाग_रावेर
लेयरभाऊंशी सहमत. आमच्या खोक्याच्या लेबलात असंच जुनं पान छापून आलं होतं, सगळी गड्डी बाजूला ठेवावी लागली. ताई, तुमची चूक नाही. पण कोरलच घ्या, सगळे तेच सांगताहेत.

पोऱ्या_शिरपूर
फोटोपीया कोणी सांगितलं नाही. ब्राउझरमध्ये चालतं, पैसे लागत नाहीत, जाहिराती दिसतात एवढंच. पीएसडीतले स्मार्ट ऑब्जेक्ट डबल क्लिक केले की आतलं उघडतं. ८ जीबीत दम लागत नाही.

फ्लेक्सवाला_धुळे
फुकटवाल्या गोष्टींवर धंदा होत नाही. उद्या बंद पडलं तर?

रंगरेषा_चोपडा
सगळ्यांचे मनापासून आभार. आठ दिवस सगळं करून पाहिलं.

बाहेरून आलेल्या पीएसडी फोटोपीयात उघडल्या, स्मार्ट ऑब्जेक्ट शाबूत दिसले, तो प्रश्न मिटला. बाकी कामासाठी मी इंकस्केप घेतलंय. इथे एकानेही ते सुचवलं नाही, माहीत आहे. पण त्यात 'श्रीक्षेत्र' पहिल्याच फटक्यात नीट उमटलं. फाइल एसव्हीजी, तिचा नियम सगळ्यांसाठी खुला, त्यामुळे माझी साठ तोरणं कोणत्याही एका कंपनीच्या कुलपात जाणार नाहीत. चौदाही लेबलं एकाच फाइलीत मांडली. मूळ लोगो कडेला, लेबलांवर त्याचे क्लोन, म्हणजे मुळाशी बांधलेल्या प्रती, ऑल्ट-डी. काल पानाचा देठ थोडा वळवला आणि चौदाही लेबलांवर एकदम वळला. आईला बोलावून दाखवलं.

सीएमवायके, म्हणजे छपाईचे चार रंग, त्यात निघत नाहीत, म्हणून खोक्यांचे रंग छापखान्यात समोर बसून जुळवते. फ्लेक्सला टिफ देणार. फ्लेक्सवाले आधी कुरकुरले, मग म्हणाले, नंबर बदलायचा झाला तर रात्री फोन उचलाल ना? म्हटलं, उचलेन.

फ्लेक्सवाला_धुळे
ताई, घाई केलीत. कोरलचं बघाच एकदा, मी मदत करतो.

लेयर_भुसावळ
हरकत नाही, चांगलं जमवलंत. फक्त छापखान्याला एसव्हीजी पाठवताना वेगळी प्रत काढून त्यात क्लोन तोडा, शिफ्ट-ऑल्ट-डी, आणि अक्षरं पाथ (कोरलातलं कर्व्ह) करा, शिफ्ट-कंट्रोल-सी. कोरलात एसव्हीजी उघडताना क्लोन कधी कधी जागा सोडतात. आणि मूळ लोगो पानाच्या कडेला आहे म्हणता, तर पीडीएफ काढताना तो पानाबाहेरच आहे ना ते बघून घ्या.

रंगरेषा_चोपडा
आत्ताच पाहिलं, अर्धा पानात आला होता. सरकवला.