मदत हवी आहे: नववा असेल तर आधीचे आठ कुठे? (तातडीचे)

घाईतला: उद्या सकाळी दहा मिनिटं बोलायचंय, एका स्लाइडवर अडलोय. नावात ९ का? आणि हे पोलिस की लष्कर? 'गूगल करा' नको, करून झालंय.

ताकपिठा: नऊ काय, नवग्रह?

घाईतला: कमांडो हो! १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये अतिरेक्यांनी इस्रायली खेळाडू ओलीस धरले, त्यानंतरचे.

बाबामहाराज: एनएसजी. १९८४, मानेसर. ब्लॅक कॅट म्हणतात. आमच्या मुंबईत २६/११ नंतर फोर्स वनही निघाली.

घाईतला: जर्मनीचे! जीएसजी ९! जर्मनच्या वर्गात बोलायचंय.

ऱ्हाइनकाठी: मग पहिल्या ओळीत लिहायचं ना. पश्चिम जर्मनीच्या सीमा सुरक्षा पोलिसांचे आठ गट आधीच होते, म्हणून हा नववा. स्थापना सप्टेंबर १९७२, पहिले प्रमुख उलरिश वेगेनर. तळ बॉनजवळ, झांक्ट ऑगस्टीनला. २००५ मध्ये मूळ दलाचं नाव बदललं, ९ तसाच राहिला. पोलिसच.

बाबामहाराज: असली कामं लष्कराचीच. पोलिसांना काय जमणार?

ऱ्हाइनकाठी: हिटलरनंतरच्या राज्यघटनेत देशात लष्कर उतरवायला कडक बंधनं आहेत, म्हणून पोलिस. लष्कराची कमांडो तुकडी, केएसके, १९९६ ची. आणि म्युनिकला साध्या पोलिसांचं काय झालं ते वाचा. ट्रॅकसूट घालून छपरावर चढले, तर ते टीव्हीवर थेट दिसत होतं, अतिरेक्यांच्या खोलीतही टीव्ही होता! विमानतळावर अतिरेकी आठ, नेमबाज पाच, तेही वायरलेसविना. अतिरेक्यांसाठी उभ्या केलेल्या विमानात कर्मचारी बनून बसलेले पोलिस तर आपसात मत घेऊन आधीच उतरून गेले. ११ इस्रायली गेले.

ताकपिठा: +१. पाच वर्षांनी सोमालियात मोगादिशूला मात्र जीएसजी ९ नं अपहरण झालेल्या विमानातले ८६ प्रवासी सोडवले. सोमाली सैनिकांनी विमानापुढे आग पेटवली, अपहरणकर्ते ती बघायला कॉकपिटकडे सरकले, आणि हे शिड्या लावून दारांतून आत.

शेवंता: पुतण्या बारावीला आहे. भरतीला उंची किती लागते हो?

ताकपिठा: ताई, आधी जर्मन पोलिसात लागावं लागतं.

बाबामहाराज: पोलिसांना जमलं हे मान्य. पण इस्रायलींना विचारलं असतं तर...

घाईतला: बाबा, वेगळा धागा काढा ना. 'जीएसजी नाइन' असंच म्हणायचं ना?

ऱ्हाइनकाठी: 'गे-एस-गे नॉयन'. नाइन म्हणालात तर बाईंना 'नाही' ऐकू येईल.