विक्रम गोखले घराण्यामुळे मोठे झाले की स्वतःच्या कष्टाने?

गिरणाकाठ (जळगाव)
काल राज्य नाट्य स्पर्धेची तालीम संपली आणि आमच्यात वाद पेटला. एक पोरगा म्हणाला, "विक्रम गोखल्यांचं बरं होतं. आपल्या घरात कोणी रंगमंच पाहिलेला नाही, आपण जन्मभर हौशीच." मला ते फार लागलं.

गोखल्यांची पणजी दुर्गाबाई कामत आणि आजी कमलाबाई या मायलेकी १९१३ साली दादासाहेब फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर' या मूकपटात होत्या. वडील चंद्रकांत गोखले. हे सगळं खरं. पण 'बॅरिस्टर' नाटकात वेडाचा वारसा असलेल्या घरातला तो विलायतेत शिकलेला माणूस हळूहळू ढासळत जातो, ते काम काय आडनावानं केलं? त्यांच्या वाक्यामधल्या थांबण्यावर अख्खं थिएटर श्वास धरून बसायचं. ते ज्याचं त्यालाच कमवावं लागतं.

चाळीसगावकर
अजिबात पटत नाही. कमलाबाईंचे यजमान लवकर गेले, पदरात तीन मुलं. त्यांनी नाटकात कामं करून ती वाढवली. चंद्रकांत नट झाले, लालजी आणि सूर्यकांत तबल्यात गेले. एका घरातली तिन्ही मुलं कलेत जातात तो योगायोग नव्हे. अशा घरात शब्द कुठे तोडायचा, कुठे सोडायचा हे पोराच्या कानावर आपसूक पडतं. आपल्याला तेच शिकायला दहा वर्षं लागतात. तुमचा पोरगा बरोबर बोलला.

गिरणाकाठ
कानावर पडलेलं सगळ्यांच्या गळ्यात उतरतं का? 'अनुमती' चित्रपटासाठी गोखल्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेव्हा साठी कधीच उलटली होती. आणि तो विभागून होता, इरफान खानसोबत. इरफानच्या वडिलांचा टायरचा धंदा. एकाच्या मागे नाटक-सिनेमातल्या तीन पिढ्या, दुसऱ्याच्या मागे कोणी नाही, आणि पुरस्कार दोघांना एकच. त्या पोराला मी हेच सांगितलं.

चाळीसगावकर
इरफान दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकला. घर नाही तर शाळा, कुठून तरी मिळावंच लागतं. जळगाव-धुळ्याच्या पोरांना दोन्ही नाही, हे तुम्ही झाकून ठेवताय.

कनातीतला (शिंदखेडा)
मना बाप तमाशात सोंगाड्या व्हता. आजाही फडातच होता. म्हणजे घराणं आमचंही आहे. दसऱ्याला फड निघाला की उन्हाळ्यातल्या जत्रा उठेपर्यंत बाप घरी नसायचा. सारंगखेड्याच्या यात्रेत त्याच्या एका शब्दावर हजार माणूस हसताना मी पाहिलंय. आणि शाळेत वडिलांचा धंदा विचारला की मी 'शेतमजुरी' सांगायचो. एकदा गुरुजींना खरं कळलं, भर वर्गात बोलले. ते अजून टोचतं.

दुर्गाबाईंच्या काळी तरी काय वेगळं होतं? 'राजा हरिश्चंद्र'ची तारामती करायला बाई मिळेना, म्हणून फाळक्यांनी अण्णा साळुंकेंना लुगडं नेसवलं. त्या काळात ही बाई पोरीला घेऊन कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. लोकांनी काय काय बोलून घेतलं असेल! तोच वारसा नातवा-पणतवाच्या वेळी मानाचा झाला. आमचा अजून झाला नाही. वारसा मिळतो का हे नंतर विचारा, आधी कोणाच्या वारशाला वारसा म्हणता ते सांगा.

चाळीसगावकर
तुमचं दुःख खरं आहे, पण मूळ प्रश्न अभिनय कुठून येतो हा होता.

कनातीतला
तेच सांगतोय भाऊ. माझ्या बापाला टायमिंग कोणी शिकवलं? आज्यानं. म्हणजे तुमचं म्हणणं बरोबर. पण मला ते येत नाही, मी लाजेनं त्याच्याजवळ बसलोच नाही. म्हणजे गिरणाकाठवाल्यांचंही बरोबर.

गिरणाकाठ
हा विचार मी केलाच नव्हता. २०१६ मध्ये घशाच्या त्रासानं गोखल्यांनी रंगमंच सोडला तेव्हा मी हळहळलो होतो. इथे शेजारच्या जिल्ह्यात एवढा नट बसलाय आणि आम्हाला पत्ता नाही. वडिलांना तालमीला आणाल का? आमच्या नाटकात एक विनोदी म्हातारा आहे, पोराला तो काही केल्या जमत नाही.

कनातीतला
रविवारी आणतो. जमिनीवर बसता येत नाही त्यांना, खुर्ची ठेवा.